उत्तरायण डिसेंबरात, मग संक्रांत जानेवारीत कशी?



डिसेंबर सरत आला की पनवेलच्या वस्त्यांमध्ये आम्हाला दरवर्षी तोच प्रश्न विचारला जातो. महिला मंडळातल्या मुली म्हणतात, "ताई, आपण बौद्ध आहोत हे खरं, पण संक्रांतीचं हळदीकुंकू केलं तर बिघडलं काय?" उत्तर देण्याआधी हा दिवस नेमका कसला आहे, ते समजून घेऊ.

संक्रांतीला उत्तरायण सुरू होते असे आपण लहानपणापासून ऐकतो. प्रत्यक्षात सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला. आपल्याकडे त्या दिवशी जेमतेम अकरा तासांचा उजेड असतो. सुमारे १७०० वर्षांपूर्वी संक्रांत आणि हा दिवस एकत्र येत. पण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डोलतो. त्यामुळे साधारण ७२ वर्षांत एक दिवस, असा फरक वाढत गेला. पंचांग मात्र राशींना धरून राहिले. डॉ. मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९५७ मध्ये राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. तिच्यात ऋतूंशी मेळ घालून १ पौष २२ डिसेंबरलाच येतो.

वर्षातली ही सर्वात मोठी रात्र जगभर पाळली जाते. चीनमध्ये दोंगझी, इराणमध्ये यल्दा. युरोप-अमेरिकेतले आधुनिक पेगन पंथीय 'यूल' साजरा करतात, इंग्लंडमध्ये स्टोनहेंजच्या शिळांपाशी जमतात. पण त्यांचे आठ सणांचे वर्षचक्र विसाव्या शतकातच जुळवले गेले, हे रोनाल्ड हटन यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. थोडक्यात, सण आकाशातून पडत नाहीत. माणसे ते घडवतात आणि बदलतातही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्याला नवी वाट दिली, तीही अशीच जाणीवपूर्वक. तिची कसोटी एकच, समता. त्या कसोटीवर तीळगूळ सहज उतरतो. थंडीत अंगाला ऊब देणारे ते अन्न आहे. हळदीकुंकू उतरत नाही, कारण सवाष्णीला वाण मिळते आणि नवरा गेलेली बाई उंबऱ्याबाहेर राहते. मग ती आपलीच आई असो की बहीण.

आणि डिसेंबरात आपला स्वतःचा दिवस आहेच. २५ डिसेंबर १९२७ रोजी आपल्याच जिल्ह्यात, महाडला, मनुस्मृतीचे दहन झाले. त्या तारखेचा सूर्याशी संबंध नाही, पण बाईच्या माणूसपणाशी नक्की आहे. अनेक ठिकाणी हा दिवस भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळला जातो.

म्हणून मुलींना आमचे सांगणे असे: यंदा २५ डिसेंबरला विहारात जमा. तीळगूळ वाटा. पहिला लाडू त्या बाईच्या हातावर ठेवा, जिला आजवर कुणी वाण दिले नाही.