तबकडी एक, भाषा अनेक

रायपूरच्या तात्यापारा भागात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. छत्तीसगडात मराठी माणसे येऊन स्थिरावली ती 18व्या शतकात, नागपूरकर भोसल्यांच्या अमलात. महाराष्ट्राबाहेरच्या अशा घरांत 2000 नंतरच्या दशकात मराठी नाटक-चित्रपट येत, ते बहुधा नागपूर-पुण्याहून आणलेल्या तबकड्यांच्या रूपाने. घरच्या मुंजी आणि विवाहही तबकडीवरच उतरवले जात. आज यांपैकी एखादी तबकडी प्लेअरमध्ये घातली असता पडदा काळाच राहतो, आणि तबकडी खराब झाली असे समजून ती टाकून दिली जाते. वस्तुतः अनेकदा तबकडी शाबूत असते. यंत्राला तिची भाषा मात्र समजत नाही.

व्हीसीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिन्ही तबकड्या 12 सेंटिमीटर व्यासाच्याच. परंतु त्यांवरील सूक्ष्म खळगे वाचणारा प्रकाश निरनिराळा असतो. व्हीसीडीसाठी 780 नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त, डीव्हीडीसाठी 650 चा तांबडा, ब्लू-रेसाठी 405 चा जांभळा. काही आरंभीच्या डीव्हीडी प्लेअरांत केवळ तांबडा किरण होता. कारखान्यात ठसा उमटवलेली व्हीसीडी त्याला वाचता येई. पण घरी लिहिलेल्या तबकडीवरील रंगद्रव्याचा थर तो किरण पुरेसा परावर्तित करीत नसे.

प्रकाश जुळला तरी संकेतन जुळावे लागते. 1993 साली ठरलेल्या व्हीसीडीत चित्र एमपेग-1 पद्धतीने, 352 गुणिले 288 बिंदूंत साठवले जाते आणि एका तबकडीत 74 मिनिटे मावतात. त्यामुळे आपल्या लांबलचक चित्रपटांना दोन, कधी तीन तबकड्या लागत, आणि नायिका रडू लागताच कुणाला तरी उठावे लागे! 1996 साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या डीव्हीडीने एमपेग-2 स्वीकारले. नव्या पद्धतीचे यंत्र जुनी भाषा जाणते. जुन्या यंत्राला नवी येत नाही.

परदेशी गेलेल्या मुलीला विवाहाची डीव्हीडी पाठवली आणि अमेरिकेतील प्लेअरने ती नाकारली, की दोष विभाग-संकेतावर ढकलला जातो. हे निदान बहुधा चुकीचे असते. विभाग-संकेत व्यापारी तबकड्यांवर असतो (भारत विभाग 5, अमेरिका विभाग 1); घरगुती तबकडीवर तो सहसा नसतोच. खरा अडसर पाल आणि एनटीएससी या दूरचित्रवाणी पद्धतींतील भेदाचा. आपल्याकडे सेकंदाला 25 चित्रे, तिकडे सुमारे 30. संगणकाला या भेदाचे सोयरसुतक नाही; तीच तबकडी त्यावर विनातक्रार चालते.

पुढे प्लेअरांना यूएसबीची खाच आली आणि गोंधळ वाढला. फाइलच्या नावामागील एव्हीआय किंवा एमपी4 ही अक्षरे केवळ डब्यावरची चिठ्ठी होत. आतील चित्र जुन्या एमपेग-4 पद्धतीचे असेल तर जुना प्लेअर ते दाखवील. 2003 साली प्रमाणित झालेल्या एच.264 पद्धतीचे असेल तर कित्येकदा आवाज येतो, चित्र येत नाही. चिठ्ठी बदलून डब्यातला पदार्थ बदलत नाही. मराठी उपशीर्षकांचीही हीच कथा. डीव्हीडीवर ती चित्ररूपात असल्याने उमटतात. वेगळ्या मजकूर-फाइलमध्ये असल्यास, देवनागरी टंक नसलेला प्लेअर नुसते चौकोन दाखवतो.

म्हणून तबकडी टाकण्यापूर्वी ती संगणकावर लावून पाहावी. व्हीसीडीतील चित्र डीएटी नावाच्या फाइलींत असते. ते दुसऱ्या वेष्टनात घेताना संकेतन बदलण्याची आवश्यकता नसते, आणि न बदलल्यास चित्राचा दर्जा तसूभरही घटत नाही. मात्र अधिक वेळ मावावा म्हणून व्हीसीडीतील चित्रभागास त्रुटी सुधारणाऱ्या जादा संकेतांचे कवच दिलेले नसते. यास्तव एखाद्या ओरखड्यावर साधी नक्कल थांबते. खराब भाग वगळून पुढे जाणारी साधने तेथे वापरावीत. बाजारातील चित्रपटाची दुसरी प्रत कोठेतरी मिळेल, मुंजीची मिळणार नाही. शिवाय घरी लिहिलेल्या तबकडीचे रंगद्रव्य उष्णतेने आणि उन्हाने क्षीण होते. तेव्हा नकलेला आरंभ त्या तबकड्यांपासून करावा, आणि दोन प्रती दोन निराळ्या घरी ठेवाव्यात.