विस्तारित त्वचेतील प्रत्यारोपणोत्तर बदल : नासिका-पुनर्रचनेच्या संदर्भात

प्रस्तावना :

भाजल्यामुळे, अपघातामुळे अथवा कर्करोगाची गाठ काढल्यामुळे शरीरावर राहिलेली उणीव भरून काढावयाची, तर त्वचा रुग्णाच्याच शरीरातून घ्यावी लागते. आणि तीही शक्यतो शेजारची, कारण रंग, पोत व केस यांचे साम्य दूरच्या त्वचेत क्वचितच साधते. शेजारची त्वचा बहुधा अपुरी असते. या अडचणीवर १९५७ मध्ये चार्ल्स न्यूमन यांनी कानाच्या पुनर्रचनेसाठी त्वचेखाली रबरी फुगा ठेवून ती वाढविण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. पुढे राडोव्हान यांनी सिलिकॉनचा विस्तारक वापरात आणला. त्वचेखाली ठेवलेल्या या पिशवीत झडपेतून काही आठवडे थोडे थोडे मिठाचे निर्जंतुक पाणी भरतात. वर त्वचा वाढत जाते. ही वाढीव त्वचा नव्या जागी नेल्यावर तिचे पुढे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ताणाखालील रचना :

वाढलेल्या क्षेत्रफळात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. काही भाग केवळ ताणलेला असतो, तर काही भाग पेशीविभाजनातून खरोखरच नवा निर्माण झालेला असतो. ऑस्टाड व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये गिनीपिगवरील अभ्यासात सूक्ष्मदर्शकाखाली हे बदल तपासले. बाह्यत्वचा ताणाखाली पातळ होत नाही, उलट जाड होते. अंतस्त्वचा मात्र पातळ होते. चरबीचा थर झिजतो आणि विस्तारकाभोवती तंतुमय आवरण तयार होते. या आवरणालगत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे निर्माण होते. विस्तारित त्वचेचा फ्लॅप, म्हणजे रक्तपुरवठ्यासह सरकवलेला त्वचेचा पट्टा, चांगला जगतो याचे श्रेय बऱ्याच अंशी या वाढीव रक्तपुरवठ्याला द्यावे लागते.

स्थानांतरानंतर :

विस्तारक काढताच ताण नाहीसा होतो आणि ताणलेला भाग तत्काळ आक्रसतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मोजलेली त्वचा म्हणूनच अपेक्षेपेक्षा कमी भरते. नंतरचे बदल संथ असतात. बाह्यत्वचेची जाडी काही महिन्यांत पूर्ववत होते. अंतस्त्वचेला सुमारे दोन वर्षे लागतात. रक्तवाहिन्यांची वाढ ओसरते, तंतुमय आवरणही क्रमाने विरत जाते. चरबीचा थर मात्र पूर्णपणे भरून येईलच असे नाही. थोडक्यात, सर्व थर एकाच वेळी किंवा एकाच प्रमाणात सावरत नाहीत.

याचा खरा कस नाकाच्या पुनर्रचनेत लागतो. कपाळाच्या त्वचेतून नाक घडविण्याची पद्धत भारतीय आहे. १७९२ च्या सुमारास टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी या गाडीवानावर पुण्याजवळ झालेल्या अशा शस्त्रक्रियेचे वर्णन १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने छापले होते. कपाळ अरुंद किंवा व्रणयुक्त असेल, तर आज तेथे विस्तारक घालण्याचा पर्याय असतो. त्वचा पातळ मिळते, कपाळाची जखमही सहज बंद होते. परंतु नाक हा पोकळीवर उभा असलेला अवयव आहे. खाली भक्कम आधार नसेल, तर आक्रसणारी त्वचा नाकपुडीची कड वर ओढते आणि शेंडा आखूड करते. सुरुवातीला सुबक दिसलेले नाक काही महिन्यांत बिघडते. त्यामुळे काही अनुभवी शल्यचिकित्सक विस्तारित त्वचा नाकासाठी वापरण्यास राजी नसतात. इतर काहीजण कपाळाचा मधला, न ताणलेला पट्टा नाकाला देतात आणि बाजूची विस्तारित त्वचा फक्त कपाळ झाकण्यास वापरतात. प्रस्तुत लेखकास हा दुसरा मार्ग अधिक समंजस वाटतो. विस्तारित त्वचाच वापरणे भाग पडले, तर शेवटचे पाणी भरल्यानंतर काही आठवडे थांबणे आणि स्थानांतराच्या वेळीच बरगडीच्या किंवा कानाच्या कूर्चेचा सांगाडा बसविणे, ही खबरदारी घेतली जाते.

डोक्याच्या त्वचेची गोष्ट निराळी आहे. तेथे कवटीचा आधार असल्याने आक्रसण्याचा प्रश्न गौण ठरतो. परंतु केशकूपांची संख्या वाढत नाही, ते केवळ विरळ होतात. क्षेत्रफळ सुमारे दुप्पट होईपर्यंत ही विरळता डोळ्यांत भरत नाही.

रंगाबाबत रुग्ण विशेष चिंतित असतात, आणि सावळ्या वर्णाच्या व्यक्तींमध्ये ही चिंता स्वाभाविक आहे. ताणाखाली रंजकपेशी अधिक सक्रिय होऊन त्वचा काळवंडू शकते. स्थानांतरानंतर काही महिन्यांत हा गडदपणा बहुधा उतरतो, हे रुग्णास आधीच सांगून ठेवावे लागते.