दोन घडींचे समत्व

व्यापारी माणसाला एकाग्रता नव्याने शिकवावी लागत नाही. रोजमेळात चार रुपयांचा फरक आला, तर तो सापडेपर्यंत त्याला जेवण गोड लागत नाही. दुकानात कितीही गर्दी असो, कोणाकडे किती उधारी आहे आणि कालचा भाव काय होता, हे त्याच्या बरोबर ध्यानात असते. तरीही दुकान बंद करून घरी आल्यावर त्याच माणसाला झोप येत नाही. वसुली मनातून जात नाही, रक्तदाब वाढतो, आणि घरच्यांशी बोलताना शब्दाला शब्द लागतो. मन एकाग्र होतेच. ते कशावर एकाग्र होते, हा खरा प्रश्न आहे.

जैन आचार्यांनी या प्रश्नाचा फार सूक्ष्म विचार केला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत: आर्त, रौद्र, धर्म आणि शुक्ल. यांतील पहिली दोन ध्याने संसार वाढवणारी आहेत. नको असलेले वाट्याला आले, हवे असलेले हातचे गेले, शरीराला वेदना झाली किंवा पुढील भोगांची अभिलाषा जडली, की मन त्यातच रुतून बसते, हे आर्तध्यान. हिंसा, असत्य आणि चोरी यांचे चिंतन हे रौद्रध्यान होय. त्याचा चौथा प्रकार व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. जमवलेल्या विषयांच्या आणि धनाच्या रक्षणाची अखंड तळमळ, तीही शास्त्राने रौद्रध्यानातच मोजली आहे. तिजोरीला कुलूप लावणे हा व्यवहार झाला; रात्रभर मनाने तिजोरीपाशी बसून राहणे हे ध्यान झाले, आणि ते अशुभ ध्यान होय.

या मनाला दुसरीकडे वळवण्यासाठी श्रावकाच्या बारा व्रतांत सामायिकाची योजना आहे. ते चार शिक्षाव्रतांपैकी एक आहे. शिक्षा म्हणजे अभ्यास. एकदा घेऊन ठेवावे आणि विसरावे असे हे व्रत नव्हे. ते रोज नव्याने गिरवायचे आहे. रूढ सामायिकाची मर्यादा दोन घडींची, म्हणजे ४८ मिनिटांची. सामान्य साधकाचे चित्त एका विषयावर मुहूर्ताच्या आतच स्थिर राहू शकते, असे शास्त्रच सांगते. म्हणून मन मध्येच सुटले, तर खचून जाण्याचे कारण नाही. ते सुटल्याचे लक्षात येणे आणि त्याला शांतपणे परत आणणे, हाच अभ्यास आहे. मनाचे १०, वचनाचे १० आणि कायेचे १२, असे सामायिकाचे ३२ दोष सांगितले आहेत, तेही मनाचा हा चंचल स्वभाव ओळखूनच.

शरीराला यात गौण मानलेले नाही. कायोत्सर्गात देहाची हालचाल थांबते आणि देहावरील ममत्व सैल करण्याचा प्रयत्न होतो. कुंभोजजवळच्या बाहुबली क्षेत्रावरील २८ फूट उंच मूर्ती याच मुद्रेत उभी आहे: हात मोकळे सोडलेले, चेहरा निर्विकार. दिगंबर परंपरेत नऊ वेळा णमोकार मंत्राचा जप २७ श्वासोच्छ्वासांत करण्याचा प्रघात आहे. एका मंत्राला तीन श्वास. असा संथ श्वास चालू असताना शरीराला विश्रांती देणारी चेतासंस्था अधिक सक्रिय होते, हृदयाची गती मंदावते आणि स्नायूंचा ताण उतरतो. मात्र रक्तदाबाचे वा मधुमेहाचे औषध ध्यानाच्या भरवशावर बंद करू नये. औषध आपले काम करील, ध्यान आपले.

परंतु आसन आणि श्वास साधले म्हणजे सामायिक साधले, असे होत नाही. पुणिया श्रावकाची कथा घरोघरी सांगितली जाते. सूत कातून पुण्या विकणारा हा निर्धन श्रावक. नरकगती टाळण्यासाठी श्रेणिक राजा त्याच्या एका सामायिकाचे फळ विकत घ्यायला निघाला, तेव्हा सारे राज्य दिले तरी त्याचे मोल होणार नाही, असे भगवान महावीरांनी सांगितले. याच पुणियाचे मन एके दिवशी सामायिकात स्थिर होईना. त्याने पत्नीला विचारले, आज घरात अनीतीचे काही आले आहे काय? शेजाऱ्याच्या गोवऱ्या न विचारता आणल्याचे तिच्या ध्यानात आले. दोष आसनात नव्हता, चुलीत होता.

सामायिकाचा व्यापाराशी असलेला संबंध या कथेत उघड होतो. मापात कमी दिलेले, दडवलेले, नोकराच्या पगारातून अकारण कापलेले असे जे काही असेल, ते कटासनावर बसताच समोर येऊन उभे राहते. अशा वेळी उठून जाण्यापेक्षा ते पाहावे, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात दुरुस्त करावे. खतावणी स्वच्छ झाली, की मनातील एक येरझार आपोआप थांबते.

आरंभ थोडक्यात करता येतो. दुकान उघडण्यापूर्वीची एक वेळ ठरवावी आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. पाठ ताठ ठेवून, श्वास सहज चालू देत नऊ मंत्र म्हणावेत. पूर्ण सामायिक रोज शक्य नसेल, तर आधी एवढ्यावरच स्थिर व्हावे आणि सुट्टीच्या दिवशी घरातील सर्वांनी मिळून दोन घडी बसावे. आचार्य महाप्रज्ञांनी विकसित केलेल्या प्रेक्षाध्यानात श्वास व शरीर केवळ पाहण्याचा अभ्यास आहे. ज्यांना जप करताना झोप येते, त्यांना तोही उपयोगी पडेल. मोठी माणसे रोज ठरल्या वेळी बसताना दिसली, की मुलांना वेगळा उपदेश करावा लागत नाही. त्या वेळात दुकानाचा फोन वाजला आणि कोणी उठले नाही, तर मुले तेही पाहतात.