बाळाच्या मनगटावरचा राखणदार

लेक बाळंतपणाला माहेरी आली आहे. दिवस पौषातले, पहाटे ओसरीवर उभे राहवत नाही असा गारठा. दिवस पुरे भरायच्या आत बाळंत झाली आणि बाळाचे वजन दोन किलोंच्या आतच भरले. आता दवाखान्यातून घरी आल्यावर अंगडी-टोपडी, बाळगुटी, दूध यांची काळजी सारे घर करते. पण बाळ गार तर पडत नाही ना, हे रात्री तीन वाजता कोण पाहणार?

भगिनींनो, हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. तुम्हाआम्हाला थंडी वाजली की अंग थरथरते आणि त्या थरथरण्यानेच ऊब येते. नवजात बाळाला नीट थरथरता येत नाही. त्याच्या मानेभोवती व पाठीत एक तपकिरी चरबी असते, तीच जाळून ते स्वतःला उबदार ठेवते. कमी दिवसांच्या बाळाजवळ ही शिदोरी फार थोडी असते. शिवाय पातेलेभर भात तासभर गरम राहतो, पण ताटातली मूद बघता बघता निवते, तशी लहान बाळाची ऊब लवकर जाते. गार पडलेले बाळ दूध ओढत नाही, त्यामुळे रक्तातली साखर उतरते, श्वास मंदावतो, जंतूंशी झुंजायची ताकद जाते. आणि ते रडत नाही! गपगुमान पडून राहते. घरची मंडळी म्हणतात, किती शहाणे बाळ, त्रास म्हणून नाही.

याच अडचणीवर बंगळूरच्या ‘बेम्पू’ नावाच्या कंपनीने एक छोटे कडे तयार केले. अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने २०१७ च्या उत्तम शोधांच्या यादीत त्याला जागा दिली. हे कडे बाळाच्या मनगटावर बांधायचे. बाळाची ऊब ठीक असेल तर दर अर्ध्या मिनिटाला निळा दिवा लुकलुकतो. तापमान साडेछत्तीस अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की दिवा नारिंगी होतो आणि कडे टीं-टीं वाजू लागते. बस्स, एवढेच.

‘एवढेच’ म्हटले खरे, पण खरी हुशारी त्या एवढ्याशातच आहे. अंगावर बांधायच्या कोणत्याही यंत्राची मोठी अडचण म्हणजे वीज. तुमच्या हातातला मोबाइल रोज चार्ज करावा लागतो, कारण त्याचा पडदा उजळत राहतो आणि त्याला टॉवरशी सतत बोलावे लागते. बाळाच्या कड्याला चार्जर दिला असता तर आपल्या गावात त्याचे काय झाले असते? रात्रीची लाईट गेलेली, बोर्डाला एकच पिन, त्यात धन्याचा मोबाइल! म्हणून कारागिरांनी पडदा काढून टाकला, मोबाइलशी जोडणी ठेवली नाही, चार्जिंगचे लफडेच नको म्हटले. आत एक छोटा सेल, तो सुमारे चार आठवडे पुरतो. नवजात बाळाचे धोक्याचे दिवसही तेवढेच, पहिले अठ्ठावीस.

इवलासा सेल इतके दिवस पुरतो कसा? अशी यंत्रे बहुतेक वेळ झोपलेली असतात. क्षणभर जागे व्हायचे, ऊब मोजायची, दिवा लुकलुकवायचा, पुन्हा झोपायचे. रात्रपाळीचा राखणदार कंदील सतत मोठा ठेवत नाही, फेरीपुरती वात वर करतो, तशातली गत. ऊब मोजणारा भागही साधाच. कमी-जास्त ऊब लागली की त्यातून जाणाऱ्या विजेला होणारा अडथळा बदलतो आणि त्यावरून तापमान कळते.

आकडा न दाखवण्याचा निर्णय मला सर्वांत पटला. अर्धवट झोपेतल्या बाळंतिणीला ३६.२ चा अर्थ लावत बसायला लावू नये. निळा म्हणजे ठीक, नारिंगी म्हणजे ऊठ.

उठून काय करायचे? बाळाला फक्त टोपडे, मोजे व लंगोट ठेवून आईच्या उघड्या छातीशी उभे धरायचे आणि वरून लुगडे-शाल लपेटायची. हिला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी काचपेट्या अपुऱ्या पडत म्हणून ती सुरू केली. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत, एक ते एक किलो आठशे ग्रॅमच्या आतल्या बाळांना जन्मताच असे छातीशी ठेवून पाहिले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यू चौथ्या हिश्श्याने कमी झालेले दिसले. आई थकली तर बाबाने किंवा आजीने छातीशी घ्यावे, त्यात लाजायचे काय? आजीबाई, रागावू नका, पण बाळाजवळची धुराची शेगडी मात्र नको. आणि इतक्या लहान बाळाला आंघोळीची घाई नको, डॉक्टर सांगतील तेव्हाच.

इथे बाजारातल्या घड्याळांबद्दलही सांगायला हवे. मनगटावर हिरवा उजेड टाकून नाडी मोजणारी घड्याळे आता तालुक्याच्या दुकानातही मिळतात. नाडीपुरती ती बरी. पण ‘सुई न टोचता साखर मोजा’ असे सांगून कोणी घड्याळ वा अंगठी विकू लागला तर पैसे कमरेलाच ठेवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, अशा एकाही घड्याळाला वा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा दिला होता. त्या आकड्यावर भरवसा ठेवून इन्सुलिन घेतले तर जिवावर बेतेल.

कडे मिळाले नाही तरी हात आहेतच. हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. दोन्ही उबदार, तर चिंता नाही. पोट उबदार पण पाय गार, तर थंडी बाधते आहे, लगेच छातीशी घ्या. पोटही गार लागले, किंवा बाळ दूध ओढेना, तर उजाडायची वाट पाहू नका. १०८ ला फोन लावा आणि गाडीतही बाळ छातीशीच धरा. दवाखान्यात बाळंतपण झाले असले तरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्या आल्या की बाळाचे तापमान आणि वजन समोर घ्यायला सांगा, आणि पोट व पाय चाचपायची रीत त्यांच्याकडून एकदा हात धरून शिकून घ्या.