तळ गेला, जमीन राहिली

२६ नोव्हेंबर १९९१ रोजी फिलिपिन्समधल्या क्लार्क हवाई तळावरचा अमेरिकेचा झेंडा उतरला आणि लगेच तळाची लूट सुरू झाली. छपरांचे पत्रे, दारं-खिडक्यांच्या चौकटी, नळ, भिंतींतून उपसून काढलेल्या तांब्याच्या तारा, जे जे उचकटता येईल ते गेलं. ज्यांच्यावर पहाऱ्याची जबाबदारी होती त्यांचेही हात त्यात बरबटल्याचे आरोप तेव्हा उघडपणे झाले. मागे उरल्या तीन किलोमीटरहून लांब अशा दोन समांतर धावपट्ट्या आणि सगळीकडे पसरलेली करडी राख.

आज त्याच कुंपणाच्या आत लाखाहून अधिक माणसं कामाला आहेत. अमेरिकेचा तळ भरात असतानाही इतक्या फिलिपिनो लोकांना तिथे रोजगार नव्हता. लष्कर निघून गेल्यावर ओस पडलेल्या विमानतळांचं पुढे काय करायचं, हा प्रश्न जगभर शेकडो गावांना पडला. क्लार्कने त्याचं दिलेलं उत्तर निर्दोष नाही, पण पुष्कळ शिकवणारं आहे.

या जागेवर लष्कर आलं ते विमानांसाठी नव्हेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन घोडदळाला इथलं गवत मानवलं आणि १९०३ मध्ये फोर्ट स्टॉट्सेनबर्ग नावाची छावणी पडली. विमानं पुढे १९१९ च्या सुमारास आली. हॅरल्ड क्लार्क या वैमानिकाचं नाव धावपट्टीला मिळालं. ८ डिसेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरनंतर काही तासांतच, जपान्यांनी इथली विमानं जमिनीवरच जाळली. १९४४ च्या ऑक्टोबरात जपानची पहिली संघटित कामिकाझे तुकडी इथून जवळच असलेल्या माबालाकातच्या धावपट्टीवरून उडाली. व्हिएतनाम युद्धात तळ अहोरात्र जागा असे. १९८६ मध्ये मनिलात जनता रस्त्यावर आली तेव्हा फर्डिनांड मार्कोस देश सोडून पळाले तेही क्लार्कमार्गेच.

शेजारचं आंजेलेस शहर या तळावर पोसलं गेलं. धोबी, शिंपी, माळी, स्वयंपाकी, गाड्या दुरुस्त करणारे, आणि फील्ड्स अॅव्हेन्यूवरचे बार. त्या बारमध्ये काम करणाऱ्या मुली बहुतेक करून दूरच्या गरीब बेटांवरून आलेल्या. एकाच गिऱ्हाइकावर शहर चालतं तेव्हा त्याचा चेहरामोहरा ते गिऱ्हाईकच ठरवतं.

१९९१ साली दोन गोष्टी एकदमच घडल्या. अमेरिकेशी १९४७ मध्ये झालेला तळांचा करार मुळात ९९ वर्षांचा होता. तो नंतर कमी करून १९९१ पर्यंत आणला गेला होता. त्याला मुदतवाढ द्यायची की नाही यावर बोलणी चालू असतानाच पिनातुबो हा ज्वालामुखी जागा झाला. तळापासून जेमतेम पंचवीसेक किलोमीटरवरचा हा डोंगर सुमारे पाचशे वर्षं गप्प होता. भूकंपमापकांवरची नोंद बघून फिलिपिनो आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी वेळेवर इशारा दिला. १० जूनला तळावरची सुमारे साडेचौदा हजार माणसं मोटारींच्या लांबलचक रांगेने सुबिकच्या नौदल तळाकडे निघाली. १५ जूनला मुख्य उद्रेक झाला आणि नेमकं त्याच दिवशी चक्रीवादळ येऊन धडकलं. पावसात भिजून राख जड झाली आणि तिच्या भाराने छपरं कोसळली. आठशेहून अधिक माणसं दगावली, त्यातली बरीचशी अशाच छपरांखाली. सप्टेंबरमध्ये फिलिपिन्सच्या सिनेटने १२ विरुद्ध ११ मतांनी नवा करार फेटाळला, तोवर राखेत गाडलेल्या क्लार्कवरचा अमेरिकेचा जीव उडालेलाच होता.

उद्रेक संपला तरी संकट संपलं नव्हतं. दर पावसाळ्यात डोंगरउतारावरची राख चिखल होऊन नद्यांतून खाली येई. या चिखलाला लाहार म्हणतात. १९९५ मध्ये त्याने बाकोलोर गाव गिळलं. तिथलं जुनं चर्च निम्म्या उंचीपर्यंत गाडलं गेलं. लोक आजही तिथे प्रार्थनेला जातात, आणि जिथून आत शिरतात त्या मूळच्या खिडक्या आहेत. अशा मुलखात कारखाना काढायला कोण येणार?

इथे मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो १३ मार्च १९९२ चा कायदा. लष्करी जागांचं रूपांतर करण्यासाठी त्याने बीसीडीए नावाचं सरकारी महामंडळ स्थापलं. आपल्याकडच्या सिडकोचा तोंडवळा डोळ्यांसमोर आणा, पण त्याच्या दिमतीला मनिलाच्या ऐन मध्यावरच्या लष्करी जमिनी द्या. कायद्याचं गणित असं होतं: राजधानीतल्या छावण्यांच्या जमिनीला सोन्याचा भाव आहे, त्या विकाव्यात, आणि येणाऱ्या पैशाचा काही वाटा लष्कराच्या आधुनिकीकरणाला आणि काही क्लार्क, सुबिकसारख्या दूरच्या तळांना उभं करायला वापरावा. १९९५ मध्ये फोर्ट बोनिफासिओचा लिलाव झाला. तिथे आज काचेच्या उंच इमारतींचं बोनिफासिओ ग्लोबल सिटी उभं आहे. विकतानाही महामंडळाने प्रकल्पाच्या कंपनीत ४५ टक्के हिस्सा स्वतःकडे ठेवला होता.

क्लार्कची जमीन मात्र विकायची नाही, असं ठरलं. ती भाडेपट्ट्याने द्यायची, साधारण पन्नास वर्षांसाठी, पुढे पंचवीस वर्षं वाढवता येईल अशी. हे वाचायला रुक्ष वाटतं, पण सगळी मेख इथेच आहे. भाडेपट्ट्यावर घेतलेल्या जमिनीत पैसा अडकवून भाव वाढायची वाट बघत बसण्यात फारसा अर्थ नसतो. ती वापरावी लागते. आणि एखादी कंपनी उठून गेली तर भूखंड पुन्हा महामंडळाच्या हाती येतो. गिरणगावच्या जमिनींचं काय झालं हे पाहिलेल्या मुंबईकराला याची किंमत वेगळी सांगायला नको.

१९९३ मध्ये क्लार्क विशेष आर्थिक क्षेत्र जाहीर झालं आणि त्याचा कारभार क्लार्क डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनकडे आला. मुख्य क्षेत्र ४,४०० हेक्टरचं. सुरुवातीला जे आलं ते फारसं मिरवण्याजोगं नव्हतं: करमुक्त मालाची दुकानं, कसिनो, गोल्फ. मनिलाहून लोक शनिवार-रविवारी चॉकलेटं आणि परदेशी दारूच्या बाटल्या घ्यायला येत. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात योकोहामाने टायरचा कारखाना काढला. २००२ मध्ये यूपीएसने आशियातल्या पार्सलांचं केंद्र क्लार्कला आणलं. रात्री चहूकडून विमानं उतरायची, माल उतरवून, वेचून, दुसऱ्या विमानांत चढवला जायचा आणि पहाटेच्या आत सगळी विमानं पुन्हा आकाशात. लांब धावपट्ट्यांचा इतका चोख उपयोग दुसरा नसेल. २०१० मध्ये यूपीएसने आपलं केंद्र चीनमधल्या शेन्झेनला हलवलं. धावपट्टी होती तिथेच राहिली.

मधल्या काळात एक घोळ झाला, आणि तो आपल्याला ओळखीचा वाटेल. करसवलती कायद्याने स्पष्टपणे दिल्या होत्या त्या फक्त सुबिकला. क्लार्कला त्या सरकारी आदेशाने लागू केल्या होत्या. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, असं चालणार नाही, करसवलत द्यायची तर संसदेनेच द्यायला हवी. बारा वर्षं ज्या भरवशावर कारखाने चालले होते तो भरवसाच एका निकालाने गेला. २००७ मध्ये नवा कायदा करून संसदेने गाडी रुळावर आणली. त्याच वर्षी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने क्लार्कची निवड जाहीर केली आणि २००९ मध्ये तिथे चिपच्या जुळणीचा आणि चाचणीचा मोठा कारखाना सुरू झाला. कर किती यापेक्षा तो उद्याही तितकाच राहणार की नाही, हे उद्योगांना आधी विचारायचं असतं.

दुसरी गोष्ट रस्त्याची. जपानच्या कर्जातून झालेला, सुबिक बंदराला क्लार्क आणि तार्लाकशी जोडणारा ९४ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग २००८ मध्ये खुला झाला. दोन जुने तळ, एक बंदराचा आणि एक विमानांचा, तासाभराच्या अंतरावर आले. हा रस्ता नसता तर क्लार्क करमुक्त दुकानांची वसाहतच राहिलं असतं, असं माझं मत आहे.

नुसत्या धावपट्टीवर विसंबलं की काय होतं ते जर्मनीतल्या हानला बघावं. हुन्सरूकच्या टेकड्यांवरचा हा तळ अमेरिकनांनी १९९३ मध्ये सोडला. स्वस्त विमानसेवेसाठी तो फ्रँकफर्टच्या नावाने खपवला गेला, आणि खरं फ्रँकफर्ट तिथून सव्वाशेएक किलोमीटर! प्रवासी आले, तसे दुसरीकडे गेलेही. २०२१ मध्ये विमानतळाने दिवाळखोरी पुकारली.

क्लार्कचं स्वतःचं विमानतळही अजून पुरतं बहरलेलं नाही. २०२२ मध्ये वर्षाला ८० लाख प्रवाशांची नवी इमारत सुरू झाली. त्याआधी २०१९ च्या भरभराटीच्या वर्षातही प्रवासी ४० लाखांच्या आसपासच होते. मनिला ऐंशी-नव्वद किलोमीटरवर, आणि मधल्या वाहतुकीचं नाव काढू नये. मनिलाच्या दक्षिणेकडून क्लार्कपर्यंत येणाऱ्या १४७ किलोमीटरच्या रेल्वेचं काम चालू आहे, भिस्त तिच्यावर आहे. तोवर क्लार्क जगतंय ते कारखान्यांवर, कॉल सेंटरांवर आणि गोदामांवर.

जमेची बाजू ही झाली. आता देणी.

तळाचं कुंपण पडलं तेव्हा पिनातुबोने बेघर केलेली हजारो कुटुंबं तळाच्या जुन्या आवारातल्या तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिली. वर्षानुवर्षं त्यांनी तिथल्याच विहिरींचं पाणी प्यायलं. त्या जमिनीत विमानांचं इंधन, सॉल्व्हंट, कीटकनाशकं अशा कशाकशाचे अंश मुरलेले होते. तिथल्या लहान मुलांमधल्या आजारांविषयी, व्यंगांविषयी स्थानिक संस्था पुढे वर्षानुवर्षं ओरडत राहिल्या. अमेरिकी काँग्रेसच्याच लेखापरीक्षकांनी १९९२ मध्ये प्रदूषणाची नोंद केली होती. पण तळांच्या करारात साफसफाईची जबाबदारी अमेरिकेवर टाकणारं कलमच नव्हतं. अमेरिकेतले तळ बंद होतात तेव्हा जमीन साफ करून देणं तिथल्या कायद्याने लष्करावर बंधनकारक असतं. परक्या देशात तो कायदा कुंपणापाशी थांबतो. गुंतवणूकदारांपुढे जमीन मांडणाऱ्या महामंडळालाही तिच्या पोटात काय आहे याची फार चर्चा परवडणारी नव्हती, हे उघड आहे.

दुसरं देणं त्याहून जुनं. पिनातुबोच्या उतारांवर आणि क्लार्कच्या परिसरात आयता लोक राहत आले आहेत, छावणीच्या कितीतरी आधीपासून. अमेरिकनांनी त्यांना हुसकावलं, मग त्यांच्यातल्याच काहींना कुंपणाच्या राखणीला ठेवलं. जंगलात जगायचं कसं, पाणी कुठल्या वेलीत मिळतं, हे सैनिकांना तेच शिकवत. १९९७ मध्ये आदिवासींच्या पूर्वापार जमिनींचा कायदा झाला, त्यामुळे आयतांच्या काही दाव्यांना कागदोपत्री आधार मिळाला. पण बीसीडीएने कापासजवळ ९,४५० हेक्टरवर न्यू क्लार्क सिटी उभारायला घेतली तेव्हा वाद पुन्हा पेटला. २०१९ मध्ये तिथल्या वीस हजार आसनांच्या नव्या स्टेडियमवर आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. साधारण त्याच दिवसांत जवळच्या आयता कुटुंबांच्या हातात सात दिवसांत जागा रिकामी करण्याच्या नोटिसा पडल्या. जमीन सरकारी आहे म्हणून ती विकली गेली नाही, हे क्लार्कचं बळ. आणि जमीन सरकारी आहे असं गृहीत धरलं म्हणून नोटीस निघाली.

कल्याणजवळच्या नेवाळीला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी तिथल्या गावांची सुमारे १,६०० एकर जमीन विमानांच्या धावपट्टीसाठी घेतली. युद्ध संपलं, विमानं गेली, शेतकरी पुन्हा भात लावू लागले. सातबारा एक सांगत होता आणि चिखलात रोवलेलं रोप दुसरंच. जून २०१७ मध्ये नौदलाने तिथे कुंपण घालायला घेतलं तेव्हा शेतकरी रस्त्यावर उतरले, गाड्या पेटल्या, पोलिसांनी छर्रे झाडले, माणसं जखमी झाली. या जागेवर नागरी विमानतळ व्हावं अशी मागणीही अधूनमधून होत असते. ती करणाऱ्यांनी क्लार्कचा नकाशा जरूर पाहावा, पण कारखान्यांचे भूखंड कुठे पाडले हे पाहण्याआधी पहिला प्रश्न विचारावा: जमीन आत्ता कोण कसतं, आणि भाडं आलं तर त्यातलं त्याला किती मिळणार.