दोष डोळ्यांचा की पानाचा?

गेल्या महिन्यात एक सेवानिवृत्त शिक्षक तपासणीसाठी आले. वय ६८. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "डॉक्टर, दृष्टी गेली हो माझी." घरपट्टी भरायला नगरपालिकेचे संकेतस्थळ उघडले, तर अक्षरेच दिसेनात. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा मुदत संपली आणि सारे पुन्हा पहिल्यापासून. शेवटी शेजारच्या मुलाच्या हाती मोबाईल दिला. बँकेचा गुप्त क्रमांकही त्यालाच सांगावा लागला, याची टोचणी त्यांना अधिक होती.

मी तक्ता वाचायला लावला. चष्म्यासह नजर ६/६. मोतीबिंदूची नुकती सुरुवात, शस्त्रक्रियेची घाई नाही. मग त्यांच्याच मोबाईलवर ते पान पाहिले. पांढऱ्यावर फिकी राखाडी, मुंगीएवढी अक्षरे आणि वर सरकत जाणारी सूचनांची ओळ. चाळिशी ओलांडलेल्या मलाही डोळे बारीक करावे लागले.

वाचकहो, आमचा तक्ता पांढऱ्यावर ठळक काळा असतो. तो वाचता आला म्हणजे सर्व काही वाचता येते, असे नाही. वयाबरोबर डोळ्यातील भिंग ताठर व पिवळसर होते, बाहुली लहान राहते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तरुणाच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. अशा वेळी आधी जाते ती फिक्या-गडदातील फरक ओळखण्याची शक्ती. म्हणून असा माणूस काळी अक्षरे वाचतो आणि राखाडी अक्षरांशी अडखळतो. मधुमेहाने दृष्टिपटल बिघडलेल्यांना हा त्रास आणखी लवकर जाणवतो.

यासाठी जागतिक प्रमाण ठरलेले आहे. साध्या आकाराची अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान ४.५ : १ असावे; अक्षरे दुप्पट मोठी केली तरी मजकूर तुटू नये; मुदत संपण्यापूर्वी ती वाढवून मागता यावी. चूक फक्त लाल रंगाने दाखवू नये, कारण लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक असतात आणि त्यात पुरुष बरेच अधिक. चुकीच्या रकान्यापाशी 'येथे पिनकोड लिहा' असे शब्दांत लिहिले की काम भागते. हात थरथरणाऱ्यांसाठी बटणे मोठी व सुटी हवीत, हे वेगळे सांगायला नको.

ज्यांना मुळीच दिसत नाही, त्यांना संगणक किंवा मोबाईल पान वाचून दाखवतो, मराठीतूनही. पण आपल्याकडे एक घोटाळा नेहमीचा. सहीशिक्क्याचा कागद यंत्रावर टिपून त्याचे छायाचित्र तेवढे पानावर चढवतात. वाचणाऱ्या आवाजाला तिथे अक्षरच सापडत नाही, तो मुका होतो. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर असेल, तर तो भलतेच काहीतरी बडबडतो. उपाय महाग नाही: मजकूर युनिकोडमध्ये टंकावा आणि प्रत्येक चित्रामागे त्याचे वर्णन लिहावे.

'खर्च फार येईल' हे उत्तर जुनेच आहे. सिडनी ऑलिंपिकच्या संकेतस्थळाविरुद्ध ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने तक्रार केली, तेव्हा आयोजकांनीही खर्च पुढे केला होता. तेथील मानवाधिकार आयोगाने २००० साली त्यांच्या बाजूने निकाल देऊन वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई ठरवली. आपल्या केंद्र सरकारने सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना २००९ मध्ये काढल्या, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. कागदावर उणीव नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. एकाएकी अंधुक दिसू लागले, डोळा लाल होऊन दुखला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली किंवा सरळ रेघ वाकडी भासली, तर पानाला दोष देत घरी बसू नये. त्याच दिवशी डोळे दाखवावेत.

गुरुजींच्या मोबाईलवर मी अक्षरे मोठी केली, ठळकही केली. इतर मजकूर वाचता आला. नगरपालिकेची सूचना छायाचित्रच होती, ती मोठी केल्यावर नुसती पसरट झाली. संकेतस्थळ नव्याने करायला घेतले असून सूचना मागवल्या आहेत, असे त्यांनीच सांगितले. मी म्हटले, नवे पान लोकांपुढे येण्याआधी तुमच्यासारख्या दहाजणांना बसवून घरपट्टी भरायला लावा, असे लिहा. तरुण अभियंत्याच्या डोळ्यांना हे दोष दिसणार नाहीत. त्यांनी मुख्याधिकाऱ्यांना तसा अर्ज दिला. सोबत पानावरील शुद्धलेखनाच्या चौदा चुकांची यादी जोडली, तीही लाल शाईने.