झिरी भिंतीला, धूळ छातीला

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्या घरातले सगळे स्विचबोर्ड पाण्याखाली होते. भिंती वाळल्यावर बोर्ड वर घ्यायचे ठरले. म्हणजे विटांच्या भिंतीत नव्या झिऱ्या पाडणे आले. वायरमनबरोबर मदतीला आलेला मुलगा आमचाच जुना विद्यार्थी निघाला. तोंडाला रुमाल बांधून त्याने दोन दिवस बंद खोलीत कोरडा कटर चालवला. आम्ही कपाटांवर चादरी टाकल्या, कुरआन शरीफ आणि पुस्तके वरच्या मजल्यावर नेली, भांडी झाकली. त्या मुलाच्या छातीचा विचार मात्र आमच्या मनात आला नाही. संध्याकाळी चहा पिताना तो खोकत होता. विचारले तर म्हणाला, "सर, सवय आहे."

ही सवय होण्याजोगी गोष्ट नाही. वीट, वाळू आणि गिलावा यांत सिलिका असते. कटरच्या पात्याने तिची इतकी बारीक पूड होते की ती डोळ्यांना दिसत नाही, रुमालातून सहज आत जाते आणि फुप्फुसाच्या तळाशी बसते. वर्षानुवर्षे ती साठली की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही आणि त्यामुळे क्षयाचा धोकाही वाढतो. सिलिकाच्या या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९७ मध्ये कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरले. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिसची नोंद सक्तीची केली. पण घरातल्या दोन दिवसांच्या कामावर कोण लक्ष ठेवणार?

यंदा साताऱ्यात आमच्या आपाच्या घरी वायरिंग निघाले, तेव्हा आम्ही आधी अवजारांची चौकशी केली. छन्नी-हातोडीने काम हळू होते आणि विटांचे टवके उडतात, पण बारीक धूळ कटरपेक्षा पुष्कळ कमी उठते. दोन-तीन फुटांच्या कामाला तीच बरी. काम मोठे असेल तर 'वॉल चेसर' नावाचे यंत्र भाड्याने आणता येते. त्यात दोन हिरा-पाती समांतर फिरतात, खोली आणि रुंदी ठरवता येते. पात्यांवर झाकण असते आणि त्याला व्हॅक्यूमचा पाइप जोडतात, त्यामुळे बहुतेक धूळ उठताक्षणीच ओढली जाते. मधला भाग मग छन्नीने काढायचा. व्हॅक्यूम बारीक गाळणीचा, बांधकामाच्या धुळीसाठीचाच हवा. घरगुती व्हॅक्यूम हीच बारीक धूळ मागून पुन्हा खोलीत सोडतो. साध्या कटरवर बाटलीने पाणी ओतत राहणे तर धोक्याचे, विजेचा झटका बसू शकतो.

भिंतीचाही विचार हवा. छताचा भार घेणाऱ्या ९ इंची भिंतीत उभी झिरी ३ इंचांपेक्षा आणि आडवी दीड इंचापेक्षा खोल नसावी. भार घेणाऱ्या अर्ध्या विटेच्या भिंतीत झिरी पाडूच नये. आडव्या झिऱ्या शक्यतो टाळाव्यात.

मास्क एन-९५ असावा आणि चेहऱ्याला घट्ट बसावा. दाढी असलेल्या कारागिराला तो नीट बसत नाही, कडेने धूळ आत शिरते. आपल्या कितीतरी कारागिरांना दाढी असते. म्हणून तर धूळ उठते तिथेच ओढून घेणे महत्त्वाचे. मुले आणि दम्याची माणसे तेवढा वेळ दुसरीकडे ठेवावीत. काम झाल्यावर कोरडा झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे. कारागिराला खोकला धरला तर डॉक्टरांना कामाचे स्वरूप आवर्जून सांगावे. नाहीतर नुसत्या क्षयाचेच औषध चालू राहते.

तो विद्यार्थी आता स्वतः कामे घेतो. साताऱ्याहून परतल्यावर आम्ही त्याला हे सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मशीन ठाऊक आहे सर. पण त्याचे भाडे सांगितले की लोक दुसऱ्याला बोलावतात."

या लोकांत २०१९ मध्ये आम्हीही होतो. टाइल्स आणि रंगासाठी आपण दुकाने पालथी घालतो. दोन दिवसांचे यंत्राचे भाडे त्यापुढे काही फार नाही. पुढच्या वेळी वायरमनला दर विचारण्याआधी धूळ ओढायची काय सोय आहे ते विचारा, आणि त्याचे पैसे वेगळे देऊ असे स्वतःहून सांगा.